वीजजालातील दुय्यम उपकरणे आणि सुरक्षिततेचा प्रश्न : १२ ऑक्टोबर २०२० च्या घटनेच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सांगली जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेले म्हसवड हे माणगंगेच्या काठचे नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळी कामांच्या काळात उभा राहिलेला राजेवाडीचा तलाव हे या परिसरातील सिंचनाचे सर्वांत परिचित जुने साधन होय. अशा तलावाचे पाणी कालव्यात सोडावयाचे असेल तर कोणा माणसाला दारापर्यंत चालत जावे लागे. दार उघडण्याचा अधिकार कोणाचा आणि ते प्रत्यक्षात कोणी उघडले, या दोन्ही गोष्टी गावाच्या डोळ्यांसमोर घडत. तक्रार झाली तर ती कोणाविरुद्ध करावयाची हेही ठाऊक असे.

माणदेशाच्या पाण्याची कथा पुढे बदलली. उरमोडी, जिहे–कठापूर आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी पश्चिमेकडील खोऱ्यांतील पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माण, खटाव, आटपाडी, सांगोला या दुष्काळी तालुक्यांकडे आणण्याचा मार्ग पत्करला. तलावाचे पाणी उताराने वाहते. उपशाचे पाणी विजेने चढते. पंप थांबला की पाणी थांबते, हे थकीत वीजबिलांच्या निमित्ताने या भागाने अनेकदा अनुभवले आहे. परिणामी वीज कोठून येते, ती कोण सोडते आणि कोण अडवू शकते, हे प्रश्न आता म्हसवडच्या शेतकऱ्याचेही झाले आहेत.

या प्रश्नांचा एक पदर अलीकडच्या काळात पुढे आला. वीजनिर्मिती केंद्रे, उपकेंद्रे, पंपगृहे व पवनचक्क्या यांना नियंत्रण केंद्राशी जोडणारी जी लहान उपकरणे असतात, म्हणजे मोडेम, राउटर, स्विच, संकेत-परिवर्तक, नियंत्रक संच इत्यादी, त्यांतील सुरक्षाविषयक उणिवांचा तो पदर होय. महाराष्ट्रात या विषयाची जाहीर चर्चा झाली ती १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर. सदर चर्चा ‘घातपात की मानवी चूक’ या एकाच प्रश्नाभोवती फिरली आणि त्यामुळे उपकरणांच्या जबाबदारीचा मूळ प्रश्न बाजूस पडला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

दूरनियंत्रणाची पूर्वपीठिका

महाराष्ट्रात वीज फार पूर्वीपासून दुरून येत आली आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे भिवपुरी व भिरा ही केंद्रे आली. निर्मिती घाटात आणि वापर बंदरात, अशी ही रचना होती. साहजिकच दोन्ही टोकांना सतत एकमेकांशी बोलत राहणे भाग होते. या बोलण्याचे साधन दूरध्वनी हे होते आणि बोलणारी माणसे एकमेकांचा आवाज ओळखत.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. सातारा जिल्ह्यात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून निर्माण झालेली ही वीज राज्याच्या सर्व भागांत खेळवावयाची, तर एकट्यादुकट्या कारखान्याच्या दूरध्वनीने भागणारे नव्हते. कोयनेची क्षमता चौथ्या टप्प्यानंतर १९६० मेगावॅटवर गेली. तिचे महत्त्व केवळ या आकड्यात नाही. औष्णिक केंद्र चालू-बंद करण्यास बराच वेळ लागतो, जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत भार घेतो. संध्याकाळच्या वाढत्या मागणीला आणि आकस्मिक तुटीला कोयनाच धावून येते. म्हणून कोयनेला केव्हा चालवावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे याचा निर्णय राज्याचे संपूर्ण चित्र ज्याच्यासमोर आहे त्यानेच घ्यावयाचा असतो. हे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे आहे. त्याच्यावर पश्चिम विभागाचे आणि त्याही वर राष्ट्रीय पातळीवरील भार प्रेषण केंद्र असते.

या केंद्रांना माहिती पुरविण्यासाठी प्रथम वीजवाहिनीच्याच तारांवरून संदेश पाठविण्याची पद्धत वापरात होती. तारा मंडळाच्या, मनोरे मंडळाचे, दोन्ही टोकांची यंत्रेही मंडळाचीच. बाहेरच्या व्यक्तीस या संभाषणात शिरावयाचे तर प्रथम उच्च दाबाच्या तारेला हात घालावा लागला असता! पुढे प्रकाशतंतू आले आणि उपकेंद्रातील मोजमापे क्षणोक्षणी संगणकाच्या पडद्यावर उमटू लागली. ‘स्काडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत दूरच्या उपकेंद्रातील खटका नियंत्रण कक्षातून पाडता येतो. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि, संदेशाची वाट बदलली तशी त्या वाटेवरची राखण बदलली नाही.

६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. राज्य भार प्रेषण केंद्र महापारेषणकडे गेले. ग्राहकांची देयके, कार्यालयीन पत्रव्यवहार आणि वितरण हे महावितरणकडे. या प्रशासकीय तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल, कारण २०२१ मधील जाहीर निवेदनांत नेमकी हीच विभागणी धूसर झालेली आढळते.

मोर्तबाविना आज्ञा

औद्योगिक उपकरणे एकमेकांशी ज्या संकेतभाषांत बोलतात त्यांपैकी सर्वांत जुन्या व प्रचलित भाषांत ‘मॉडबस’चा समावेश होतो. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ मध्ये तयार केली. एका कारखान्याच्या चार भिंतींत, एका तारेवर बसलेली मोजकी यंत्रे एवढेच तिचे विश्व होते. अमुक क्रमांकाचा खटका पाडा, असा संदेश आला की यंत्र तो पाळते. संदेश कोणी पाठविला, पाठविणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, वाटेत कोणी त्यात बदल केला काय, हे विचारण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नव्हती. विद्युत क्षेत्रात पुढे रूढ झालेल्या इतर संकेतभाषांतही आरंभी हीच उणीव राहिली.

मराठेशाहीच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यास ही स्थिती चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब, ही पद्धत सर्वपरिचित आहे. शिक्क्याने पत्र कोणाचे हे सिद्ध होई. अखेरच्या मोर्तबामुळे त्याखाली कोणास नवा मजकूर घुसडता येत नसे. घोडेस्वाराच्या हाती दिलेले पत्र वाटेत कोणाकोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ही काळजी होती. मॉडबसच्या कर्त्यांना अशी काळजी वाटली नाही, कारण त्यांचे पत्र घराबाहेर पडणारच नव्हते. दोष निर्मात्यांच्या हेतूत नाही. घरातल्या घरात बोलण्यासाठी केलेली भाषा पुढील वीस-पंचवीस वर्षांत महाजालाशी जोडलेल्या उपकरणांवर तशीच चढविली गेली आणि त्या वेळी मोर्तबाचा विचार कोणी केला नाही, हा खरा दोष होय.

याची पहिली मोठी जाणीव ऑस्ट्रेलियात झाली. क्वीन्सलँडमधील मरूची परगण्यात २००० साली सांडपाण्याच्या पंपगृहांमध्ये अनाकलनीय बिघाड होऊ लागले. पंप चालत नसत, सूचना-घंटा वाजत नसे आणि लक्षावधी लिटर मैला ओढ्यांत व उद्यानांत पसरला. ज्या ठेकेदार कंपनीने ही यंत्रणा बसविली होती तिच्याच एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओ संच व संगणक मोटारीत ठेवून पंपगृहांना खोट्या आज्ञा दिल्याचे निष्पन्न झाले. २००१ मध्ये त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली. येथे परके राष्ट्र नव्हते, गुप्तहेर नव्हते. यंत्रणेची माहिती असलेला एक नाराज माणूस आणि विचारपूस न करता आज्ञा पाळणारी पंपगृहे, एवढ्यावर हे घडले.

२०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’मुळे हा विषय जागतिक राजकारणात आला. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे त्याचे लक्ष्य होती. त्याविषयी विपुल लेखन झाले आहे, त्यामुळे येथे विस्तार करण्याचे कारण नाही. त्यापेक्षा २०१२ मधील एक कमी गाजलेली घटना प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे. रगेडकॉम ही कॅनडातील कंपनी वीज उपकेंद्रे, रेल्वे अशा धूळ-उष्णतेच्या ठिकाणी टिकाव धरणारे स्विच बनवीत असे. या स्विचमध्ये कारखान्यातच एक गुप्त खाते ठेवलेले असून त्याचा परवलीचा शब्द उपकरणाच्याच ओळखक्रमांकावरून गणिताने काढता येतो, असे जस्टिन क्लार्क या संशोधकाने एप्रिल २०१२ मध्ये जाहीर केले. हा ओळखक्रमांक उपकरण स्वतःच प्रवेशाच्या पडद्यावर दाखवीत असे. घराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवावी, तसाच हा प्रकार. विशेष म्हणजे हे उपकरण निकृष्ट नव्हते. ऊन, धूळ, कंपन, विद्युतचुंबकीय क्षोभ या सर्वांविरुद्ध ते कणखर होते; केवळ माणसाविरुद्ध नव्हते.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये जे घडले ते विद्युत जाळ्यावरील हल्ल्याचे पहिले निर्विवाद उदाहरण मानले जाते. तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत बाहेरून शिरकाव करून उपकेंद्रांतील खटके पाडण्यात आले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. खटके पाडून हल्लेखोर थांबले नाहीत. उपकेंद्रातील जुन्या तारेची भाषा नव्या जाळ्याच्या भाषेत रूपांतरित करणारे जे लहान परिवर्तक असतात, त्यांच्या आतील मूळ आज्ञावलीच त्यांनी पुसून खराब केली. हे परिवर्तक ही उपकेंद्रातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू. रोहित्राच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य, पण तो निकामी होताच कोट्यवधींचे उपकेंद्र नियंत्रण कक्षाच्या दृष्टीने मुके झाले. काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी वाहनांत बसून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने खटके लावले. पूर्ण स्वयंचलित, मानवरहित उपकेंद्र असते तर ही सोय उरली नसती.

१२ ऑक्टोबर २०२० : साधनांची चिकित्सा

दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि करोना साथीच्या ऐन काळात रुग्णालयांना जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. अत्यावश्यक सेवांची वीज काही तासांत परतली. काही भागांत रात्र झाली. मुंबईला बाहेरील जाळ्यापासून अलग करून स्थानिक निर्मितीवर जिवंत ठेवणारी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था १९८० च्या दशकापासून नावाजलेली होती. त्या दिवशी तीही शहराला सावरू शकली नाही.

तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी दिलेली माहिती निव्वळ तांत्रिक स्वरूपाची होती. महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा–पडघे यंत्रणेतील पहिल्या मंडलाची देखभाल चालू असल्याने भार दुसऱ्या मंडलावर होता आणि दुसऱ्यात बिघाड झाला, असा तिचा आशय होता. दोन दिवसांनी त्यांनीच घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हटले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेतली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेही तपास केला. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याच्या सायबर विभागाच्या तपासात भार प्रेषण केंद्रात घातक आज्ञावली आढळल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकन कंपनीचा अहवाल आणि त्यावर आधारित ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची बातमी प्रकाशित झाल्यावर या प्रकरणाला आंतरराष्ट्रीय वळण लागले. जून २०२० मधील गलवानच्या संघर्षाची पार्श्वभूमी होतीच. चीनशी संबंधित ‘रेडएको’ नामक गटाने भारताच्या विद्युत क्षेत्रातील दहा संस्थांना लक्ष्य केले असून त्यांत पाचपैकी चार विभागीय भार प्रेषण केंद्रांचा समावेश आहे, असे अहवालात म्हटले होते. ‘शॅडोपॅड’ या आज्ञावलीचा उल्लेख त्यात येतो. चीनने आरोप फेटाळला. दि. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देत विद्युत मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ‘ट्रोजन हॉर्स’ सोडले गेले असण्याची आणि परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी माहिती हस्तांतरित झाली असण्याची शक्यता वर्तविली. दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी याचा इन्कार केला. वीजपुरवठा मानवी चुकीमुळे खंडित झाला. सायबर हल्ले झाले असले तरी त्यांचा मुंबईच्या घटनेशी संबंध आढळला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

इतिहासाच्या अभ्यासकाने या साधनांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की, ज्या अहवालाच्या आधारे ‘चीनने मुंबई अंधारात टाकली’ असे मथळे झाले, त्या अहवालाने तसे म्हटलेले नाही. महाजालावरील रहदारीचा बाहेरून माग काढून तो तयार झाला होता. भारतीय यंत्रणांच्या आत डोकावण्याची मुभा त्याच्या कर्त्यांना नव्हती. घातक आज्ञावली व मुंबईचा अंधार यांतील संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यात स्पष्टपणे नोंदविले आहे. म्हणजेच मूळ साधन सावध आहे आणि दुय्यम साधने निःशंक. बखरींच्या अभ्यासात वारंवार येणारा हा अनुभव एकविसाव्या शतकातील तांत्रिक कागदांनाही लागू पडतो, ही बाब उद्बोधक आहे.

दुसरी गोष्ट स्थळनामांची. माध्यमांतील वृत्तांत आणि त्यांच्या आधारे उपरोक्त अहवालातही ‘पडघे येथील राज्य भार प्रेषण केंद्र’ असा उल्लेख सापडतो. वस्तुतः राज्य भार प्रेषण केंद्र कळव्याचे. पडघे येथे महापारेषणचे महत्त्वाचे उपकेंद्र आहे. हा केवळ लेखनदोष म्हणून सोडून देता येत नाही. भार प्रेषण केंद्रातील संगणक, उपकेंद्रातील नियंत्रक आणि कार्यालयातील सर्व्हर या तीन भिन्न वस्तू आहेत. बाधा यांपैकी नेमकी कोठे झाली यावर संपूर्ण निष्कर्ष अवलंबून असतो.

तिसरी गोष्ट संस्थेच्या नावाची. गृहमंत्र्यांच्या निवेदनात विद्युत मंडळाचा सर्व्हर असा शब्दप्रयोग होता. एकसंध मंडळ २००५ मध्येच विभागले गेले होते. मग हा सर्व्हर देयके काढणाऱ्या यंत्रणेचा की वाहिन्या नियंत्रित करणाऱ्या? कार्यालयीन संगणकात आज्ञावली शिरणे गंभीर असले तरी त्याने ४०० केव्हीचा खटका पडत नाही. तो पडण्यासाठी कार्यालयीन जाळे व नियंत्रण जाळे यांच्यामध्ये कोठेतरी फट असावी लागते. ती फट होती काय, हा प्रश्न मार्च २०२१ मधील राज्य-केंद्र वादात ठळकपणे कोणीही विचारलेला दिसत नाही. एका बाजूला परकीय शत्रू आणि दुसऱ्या बाजूला चुकणारा कर्मचारी, अशा दोन पात्रांमध्ये सारा वाद झडला. उपकरण हे तिसरे पात्र रंगमंचावर आलेच नाही.

‘मानवी चूक’ हे स्पष्टीकरण मान्य केले तरी विषय संपत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. एक वाहिनी देखभालीसाठी बंद आणि दुसरी बिघडलेली, अशा अवस्थेत कर्मचाऱ्याच्या एका निर्णयाने महानगर अंधारात जात असेल, तर तीच अवस्था बाहेरच्या हल्लेखोरालाही उपलब्ध असते. चूक आणि घातपात ज्या दारातून आत येतात ते दार बहुधा एकच असते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे १ मार्च २०२१ चे निवेदन या दृष्टीने अधिक वाचनीय आहे. राष्ट्रीय भार प्रेषणाचे काम पाहणाऱ्या ‘पोसोको’च्या काही नियंत्रण केंद्रांना ‘शॅडोपॅड’चा धोका असल्याचा इशारा ‘सर्ट-इन’ने १९ नोव्हेंबर २०२० रोजी दिला होता, तर राष्ट्रीय अतिमहत्त्वाच्या माहिती-पायाभूत सुविधांचे रक्षण करणाऱ्या संस्थेने १२ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेडएको’विषयी कळविले होते, असे त्यात म्हटले आहे. संबंधित पत्ते रोखण्यात आले, कामकाजावर परिणाम झाला नाही, माहितीची गळती झाली नाही, असा निर्वाळाही त्यात आहे. म्हणजे शिरकावाचा धोका शासनाने मान्य केला. नाकारला तो त्याचा १२ ऑक्टोबरशी असलेला संबंध. या दोन विधानांतील अंतर वृत्तपत्रीय गदारोळात फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुय्यम उपकरणांची वाट

उपकरणांविषयी शासनास काहीच जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयात विद्युत उपकरणांची घातक आज्ञावलीच्या दृष्टीने तपासणी करण्याविषयीचा ऊर्जा मंत्रालयाचा आदेश २ जुलै २०२० चा आहे, म्हणजे मुंबईच्या घटनेपूर्वी सुमारे सव्वातीन महिन्यांचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विद्युत क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने अशा घटनांची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले. मात्र हे आदेश नव्या खरेदीला जेवढे लागू पडतात तेवढे आधीच बसविलेल्या उपकरणांना पडत नाहीत. उपकेंद्रातील यंत्रसामग्री दोन-तीन दशके चालावी या हिशेबाने घेतलेली असते. तिच्यासोबत आलेला स्विच वा मोडेमही तेवढीच वर्षे कोपऱ्यात लुकलुकत राहतो.

एप्रिल २०२२ मध्ये ‘रेकॉर्डेड फ्युचर’नेच दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. लडाखच्या सीमेजवळील उत्तर भारतातील किमान सात राज्य भार प्रेषण केंद्रांना लक्ष्य करण्यात आल्याचे त्यात म्हटले होते. दोन प्रयत्न झाले, पण ते यशस्वी झाले नाहीत, असे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. या अहवालातील लक्षणीय तपशील वेगळाच आहे. हल्लेखोरांनी आपल्या आज्ञा पाठविण्यासाठी महाजालाला जोडलेले आणि आधीच काबीज केलेले देखरेख-कॅमेरे व त्यांचे चित्रीकरण साठविणारे संच वापरले असावेत, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. चोर येऊ नये म्हणून दुकानाच्या दारावर बसविलेला कॅमेरा परमुलखातील भार प्रेषण केंद्राकडे जाणारी वाट बनतो. त्या दुकानदारास याची गंधवार्ताही नसते.

बंदरांच्या बाबतीत महाराष्ट्राने याआधीच धडा घेतला होता. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने जगभर थैमान घातले, तेव्हा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणकीय कामकाज बंद पडले आणि कंटेनरचे ट्रक रस्त्यावर खोळंबले. ती आज्ञावली युक्रेनमधील एका लेखा-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून पसरली होती. उरणच्या रस्त्यावरील ट्रकचालकाचा युक्रेनच्या करविवरणपत्रांशी संबंध यावा, हे या काळाचेच वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

माणदेशाच्या संदर्भात

दुष्काळी मुलखाला या सर्वांचे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी जगातील दोन घटनांकडे पाहता येईल. पहिली पाण्याची, दुसरी वाऱ्याची.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा नावाचे एक छोटे नगर आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील पाणीपुरवठा संस्थेच्या, पाण्याचा दाब वाढविणाऱ्या एका पंपगृहातील नियंत्रक संचावर अचानक इस्रायलविरोधी संदेश झळकला. हा संच इस्रायलमधील युनिट्रॉनिक्स कंपनीचा होता आणि इराणशी संबंधित गटाने तो केवळ तेवढ्यासाठी हेरला होता. या संचांना कारखान्यातून येताना ‘११११’ हा परवलीचा शब्द दिलेला असे आणि अनेक ठिकाणी तो कधी बदललाच जात नसे. अलिक्विपाने कोणाशी वैर केले नव्हते. पण पंप बसविणाऱ्याने कोणत्या देशाचा संच निवडला, एवढ्यावरून ते नगर एका दूरच्या युद्धात ओढले गेले. सुदैवाने कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालविली आणि पाणी चालू राहिले.

आपल्याकडील पंपगृहांत वा नगरपालिकांच्या पाणीयोजनांत कोणते संच आहेत, ते कोणी बसविले, त्यांचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, ठेकेदाराची मुदत संपल्यावर तो बदलला काय, या गोष्टी कोठे लिहून ठेवण्याची परंपरा नाही. निविदेत पंपाची अश्वशक्ती, नळाचा व्यास, रोहित्राची क्षमता यांचे रकाने असतात. संदेश वाहून नेणारी पेटी ‘इतर साहित्य’ या सदरात जाते. पेशवाईतील कमाविसदाराला आपल्या महालातील लहानसहान बाबींचाही हिशेब देणे भाग होते. उद्याच्या इतिहासकाराला मात्र या पेट्यांविषयी कोणत्याही दप्तरात ओळ सापडण्याची शक्यता कमी आहे. मुंबईच्या घटनेविषयीही निर्णायक निष्कर्ष का काढता येत नाही याचे उत्तर शोधले, तर हेच दप्तराचे दारिद्र्य हाती लागते. बंगळुरू–मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या निमित्ताने म्हसवड परिसरातील औद्योगिक क्षेत्राचा प्रस्ताव चर्चेत आला. रोजगाराच्या दृष्टीने त्याचे स्वागत झाले, ते योग्यच. परंतु त्या चर्चेत पाणी व जमीन यांचेच प्रश्न आले. येणाऱ्या कारखान्यांची, उपकेंद्रांची आणि पाणीयोजनांची नियंत्रक उपकरणे कोणाच्या देखरेखीखाली असतील, हा प्रश्न त्यात कोठे दिसला नाही.

दुसरी घटना पवनचक्क्यांची. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारे राज्यातील पवनऊर्जेची आद्य केंद्रे होत. सांगली जिल्ह्यात ढालगावचा माळही याच कारणाने प्रसिद्ध झाला. आधुनिक पवनचक्कीच्या पायथ्याशी माणूस बसून नसतो. वाऱ्याचा वेग, पात्यांचा कोन, निर्माण होणारी वीज ही माहिती दूरवरच्या कक्षात जाते आणि लहानसहान बिघाड तेथूनच दूर केले जातात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर स्वारी केली त्याच पहाटे, व्हायासॅट या कंपनीच्या उपग्रह-सेवेवर हल्ला झाला. युक्रेनमधील लष्करी व शासकीय संदेशवहन तोडणे हा त्याचा हेतू मानला जातो. हल्लेखोर चुकीच्या रीतीने मांडणी केलेल्या एका प्रवेश-उपकरणातून आत शिरले आणि त्यांनी ग्राहकांकडील हजारो मोडेमची आतील आज्ञावली पुसून टाकली. जर्मनीतील एनरकॉन कंपनीच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्या याच सेवेच्या आधारे नियंत्रण कक्षाशी जोडलेल्या होत्या. त्या सर्वांचा संपर्क एका सकाळी तुटला.

पवनचक्क्या मात्र थांबल्या नाहीत. संपर्क तुटला तर स्वतःच्या बळावर सुरक्षितपणे फिरत राहावे, अशी त्यांची रचना केलेली होती, त्यामुळे वीज चालू राहिली; नियंत्रण कक्षाला तेवढी ती दिसेनाशी झाली. संपर्क पूर्ववत करण्यासाठी पुढील काही आठवडे तंत्रज्ञांना गावोगावच्या पवनक्षेत्रांवर प्रत्यक्ष जाऊन मोडेम बदलावे लागले.